विरजण एकच, दही रोजचं : तुमच्या घरची पद्धत सांगा

विकतच्या दह्याचा डबा आणून त्यातलं चमचाभर विरजण लावलं की पहिल्या दोन-तीन खेपा छान लागतात. पुढे दह्याला तार सुटते, नाहीतर ते झणझणीत आंबट होतं, आणि पुन्हा नवा डबा आणावा लागतो. ज्यांच्या घरी एकच विरजण महिनोन्महिने चालतं त्यांनी इथे आपली रीत लिहावी. दूध कोणतं, विरजण किती, कोमट म्हणजे किती कोमट, किती तास, हे आकड्यांत लिहा. 'अंदाजाने' या शब्दाने नव्याने शिकणाऱ्याचं काही भागत नाही.

सुरुवात मीच करते. पिशवीचं फुल क्रीम दूध १ लिटर (६ टक्के स्निग्धांश, ९ टक्के एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ). उकळी आल्यावर लगेच गॅस बंद करू नका. मंद आचेवर १० मिनिटं ठेवा, मधूनमधून तळापासून हलवा. दुधातली पाण्यात विरघळलेली प्रथिनं या उष्णतेने उलगडतात आणि केसीनला, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाला, चिकटतात. तीच पुढे पाणी धरून ठेवतात, त्यामुळे दही घट्ट लागतं. नुसती एक उकळी काढलेल्या दुधाचं दही सैलच राहतं.

दूध ४२ अंशांपर्यंत निवू द्या. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी बुडवून सावकाश दहापर्यंत मोजता यायला हवं, चटका बसता कामा नये. ५० च्या वर विरजण घातलंत तर जिवाणू मरतात आणि सकाळी दूध जसंच्या तसं मिळतं. विरजण सपाट एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम. ते आधी दोन चमचे कोमट दुधात गुठळी मोडेपर्यंत फेटायचं, मग सगळ्या दुधात मिसळायचं. त्यानंतर भांडं हलवायचं नाही, झाकण काढून चमचा घालून बघायचं नाही. ५ तासांनी भांडं हलकेच तिरकं करा. दही कडेपासून एकसंध सुटलं की तडक फ्रिजमध्ये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जेवणाचा चमचा दह्यात जाण्याआधी पुढचं विरजण काढून ठेवायचं. वरची साय बाजूला सारून मधल्या भागातलं दोन चमचे दही, कोरड्या झाकणाच्या वाटीत. तळाशी उरलेलं, चार जणांचे चमचे लागलेलं दही विरजण म्हणून वापरलं की बिघाडाला सुरुवात होते.

नागपूर

वरचं ४२ अंशांचं गणित आमच्याकडे मे महिन्यात लागू पडत नाही. खोलीच ४० ला टेकलेली असते, दूध निवतच नाही, आणि दही लागल्यावरही आंबत राहतं. उन्हाळ्यात दूध ३५ पर्यंत आणायचं (पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून), लिटरला अर्धा छोटा चमचा विरजण, ३ ते साडेतीन तास. रात्री लावून झोपायचं नाही. संध्याकाळी सहाला लावलं की साडेनऊला फ्रिजमध्ये जातं.

मातीचं भांडं उन्हाळ्यात फार उपयोगी. त्यातून पाणी झिरपून बाहेर उडतं, त्यामुळे दही आटून घट्ट होतं आणि गारही राहतं. नवं भांडं आधी २४ तास पाण्यात बुडवायचं, मग त्यात तांदळाची पेज रात्रभर ठेवायची, धुऊन कडक उन्हात वाळवायचं. साबण कधीही लावायचा नाही, माती तो शोषते. गरम पाणी आणि काथ्या पुरतो. दोन भांडी आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण दिवस ऊन मिळतं. ओलसर ठेवलेल्या भांड्याच्या छिद्रांत बुरशी बसते, मग त्यातलं कुठलंच विरजण टिकत नाही.

आणंद, दुग्धव्यवसायात काम

तार का सुटते ते सांगतो, कारण विरजण फेकून देण्याची गरज बहुतेक वेळा नसते.

घरगुती दह्यात दोन गटांचे जिवाणू एकत्र नांदतात. लॅक्टोकॉकस आणि ल्युकोनोस्टॉक २५ ते ३० अंशांत खुलतात. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस यांना ४० ते ४५ लागतात. योगर्ट म्हणून जे विकलं जातं ते दुसऱ्या जोडीचं. त्यातला बल्गेरिकस १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकाने जिनिव्हात शोधला. दूध गार असताना विरजण लावलं आणि दही बारा-चौदा तास रेंगाळलं की थंडीत रमणारे जिवाणू वरचढ होतात. त्यांतले काही साखरेच्या लांब साखळ्या तयार करतात, तीच ती तार. ती अपायकारक नाही, पण दर खेपेला वाढत जाते. उपाय: त्याच विरजणाने लागोपाठ तीन वेळा १००-१०० मिली दुधाचं दही ४२-४३ अंशांत लावा, आणि घट्ट होताच काढा. बहुतेक वेळा तार जाते. तिसऱ्या खेपेलाही गेली नाही तर नवं विरजण आणा.

आंबटपणाची गोष्ट वेगळी. फ्रिजमध्येही आम्ल हळूहळू वाढतं. त्या आम्लात स्ट्रेप्टोकॉकस आधी मरतात, बल्गेरिकस तग धरतात. दहा-बारा दिवस जुनं विरजण वापरलं की तोल बिघडलेला असतो, आणि दही पहिल्या दिवसापासून आंबट लागतं. म्हणून खेप दर ५-६ दिवसांनी झालीच पाहिजे, दही खायचं नसेल तरी. वाटीभर दूध पुरे.

पाकिटातल्या पावडरीच्या विरजणात निवडक दोन-चार वाण असतात. काही खेपांनंतर त्यांचं प्रमाण विस्कटतं, त्यामुळे ते कायमचं चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. घरोघरी चालत आलेल्या दह्यात अनेक वाण मिसळलेले असतात, म्हणून ते जास्त चिवट. शक्य असेल तर सुरुवात शेजारच्या चांगल्या घरगुती दह्याने करा.

नाशिक

थंडीत दही लागत नाही म्हणून लोक विरजण वाढवतात. कृपया वाढवू नका. जास्त विरजणाने दही लवकर आंबतं, दाणेदार होतं आणि पाणी सोडतं. वाढवायची ती ऊब.

प्रेशर कुकरमध्ये दोन इंच ४५ अंशांचं पाणी घ्यायचं, त्यात दुधाचं झाकलेलं भांडं, कुकरचं झाकण लावायचं, शिट्टी काढून ठेवायची. वरून जाड टॉवेल. डिसेंबर-जानेवारीत ३ तासांनी पाणी एकदा बदलायचं, ७ तासांत दही लागतं. कॅसरोल असेल तर त्यात आधी उकळतं पाणी ५ मिनिटं ठेवून ओतून द्या, पुसा, मग दूध भरा. गार कॅसरोल दुधाचीच ऊब ओढून घेतो.

ठाणे

गाईच्या दुधाचं दही पातळ होतं अशी तक्रार कायम असते. गाईच्या दुधात घनपदार्थच कमी, ते म्हशीच्या दुधासारखं कवडीचं होणार नाही. टोन्ड दूधही (३ टक्के स्निग्धांश, साडेआठ टक्के एसएनएफ) तसंच. घट्ट हवं असेल तर लिटरला २ मोठे चमचे दूध पावडर गार दुधात फेटून मग तापवा. गरम दुधात टाकली तर गुठळ्या होतात. कॉर्नफ्लोअरच्या नादी लागू नका, दही खळीसारखं लागतं आणि ते विरजण पुढे चालत नाही.

सुट्या दुधाबद्दल एक. सगळं बरोबर करूनही दही अजिबात लागलं नाही, तर त्याच विरजणाने पिशवीचं दूध लावून बघा. ते लागलं तर दोष दुधाचा. आजारी जनावराला प्रतिजैविक दिलेलं असेल तर त्याचा अंश दुधात उतरतो आणि विरजणाचे जिवाणू वाढत नाहीत.

न्यू जर्सी

इथे दूध घेताना लेबल वाचा. 'अल्ट्रा-पाश्चराइज्ड' दुधाचं दही लागतं, पण सैल. साधं पाश्चराइज्ड होल मिल्क घ्या. विरजणासाठी साधं, बिनगोड, 'लाइव्ह अँड अॅक्टिव्ह कल्चर्स' लिहिलेलं योगर्ट. जिलेटिन, पेक्टिन, स्टार्च असलेलं नको, त्याचा घट्टपणा पुढच्या खेपेत उतरत नाही.

ओव्हनचा फक्त दिवा लावून ठेवला की बऱ्याच ओव्हनमध्ये पुरेशी ऊब मिळते, पण प्रत्येकाची वेगळी. पहिल्यांदा पातेल्यात नुसतं पाणी ठेवून ४ तासांनी तापमान मोजा. ३८ ते ४३ असेल तर उत्तम, ४८ जात असेल तर दार किंचित उघडं ठेवा. इन्स्टंट पॉटच्या (विजेवरच्या कुकरच्या) योगर्ट मोडवर ८ तास म्हणतात. आपल्याला गोडसर दही आवडतं, ५ तासांनी बघायला लागा.

गावी महिनाभर जाणाऱ्यांसाठी, पुण्याहून

ताजं, त्याच दिवशी लागलेलं दही बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा, मग वड्या घट्ट बंद पिशवीत. एक वडी साधारण १५ मिली. दोन महिने आरामात टिकतात. परत आल्यावर वडी रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या आणि आधी फक्त १०० मिली दूध लावा. याला दुप्पट वेळ लागतो, घाई करू नका. दुसऱ्या खेपेपासून नेहमीचं प्रमाण. वडी थेट गरम दुधात टाकू नये.

रत्नागिरी

विरजण मिळतच नसेल तर हिरव्या मिरच्यांचे ५-६ देठ धुऊन अर्धा लिटर कोमट दुधात बुडवा, १२ तास झाका. देठावर दुग्धाम्ल तयार करणारे जिवाणू असतातच. पण दुसरंही काही असू शकतं, म्हणून हे पहिलं दही खायचं नाही. वास स्वच्छ आंबट असेल तरच त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लावा, दुसऱ्यातून तिसरं. तिसरं खायला घ्या.

चक्क्याबद्दल, डोंबिवली

श्रीखंडाचं दही थोडं अलीकडेच थांबवायचं, आंबू द्यायचं नाही. फुल क्रीम दुधाच्या १ लिटर दह्याचा साधारण ३५० ते ४०० ग्रॅम चक्का निघतो. मलमलचं फडकं उकळत्या पाण्यातून काढून पिळून घ्या, दही न फेटता तसंच अलगद ओता. फेटलं तर फडक्यातून दहीच गळतं. मुंबईच्या दमट हवेत बाहेर टांगलेला चक्का आंबतो. चाळणी पातेल्यावर ठेवून फ्रिजमध्येच ८ तास. खालचं पाणी थालीपिठाच्या किंवा पोळ्यांच्या कणकेत वापरा. विरजण मात्र चक्का बांधण्याआधीच काढून ठेवा.

प्रश्न : दह्यावर पाणी दिसतं आणि मध्ये बुडबुड्यांची भोकं आहेत. फेकायचं का?

आणंदहून : नुसतं पाणी असेल तर काळजी नको. भांडं हललं, जास्त वेळ राहिलं किंवा ऊब जास्त झाली एवढाच अर्थ. भोकं, फुगवटा आणि यीस्टचा वास असेल तर ते दही आणि त्यातलं विरजण दोन्ही टाका. गुलाबी, नारिंगी किंवा हिरवट ठिपका दिसला तर वरचा थर काढून खाली खाऊ नका, सगळंच टाका. भांडं, झाकण आणि विरजणाची वाटी १० मिनिटं पाण्यात उकळा, मगच नवं विरजण लावा. गोठवलेल्या वड्या असतील तर त्या बिघाडाच्या आधीच्या आहेत ना, तेवढं बघून घ्या.