मदत हवी आहे: पानांच्या ठशांवरून बेटावरचं झाड कुठून आलं ते कसं कळतं?

बडोद्याहून लिहितेय. पुढच्या महिन्यात आमच्या दांडिया बाजारातल्या मंडळात अर्धा तास बोलायचंय. बेटांवरची झाडं मुळात आली कुठून, हा विषय मीच ओढवून घेतलाय. मी कॉमर्सवाली, तेव्हा सोपं करून सांगा.

मदेरा हे अटलांटिकमधलं ज्वालामुखीचं बेट, खंडाला कधीच जोडलेलं नव्हतं. तिथे साओ जॉर्जला १८५४ मध्ये भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पानांच्या ठशांचा थर दिसला. त्याचं वय आता सुमारे १८ लाख वर्षं धरतात. ठशांत तमालाच्या कुळातली पानं आहेत, आणि त्या कुळाचं जंगल तिथे आजही आहे. तशी पानं दक्षिण युरोपातल्या आणखी जुन्या खडकांतही मिळतात. म्हणजे युरोपातलं जुनं जंगल बेटावर वाचलं, असं मी लिहून टाकलं होतं. बॉटनीवाला भाचा म्हणतो, "मावशी, डीएनए इतकं सरळ सांगत नाही." मग ठशांनी सिद्ध काय होतं? आणि ही पानं तर सगळी सारखीच दिसतात! गुजरातमधलं काही उदाहरण मिळालं तर सोन्याहून पिवळं.

प्रतिसाद
ताई, ठसा एवढंच सांगतो की १८ लाख वर्षांपूर्वी झाड तिथे पोचलेलं होतं. त्याआधी किती, ते नाही. युरोपातल्या ठशांवरून त्याचे भाऊबंद कुठे होते ते कळतं. डीएनएवरून फाटे कधी फुटले याचा अंदाज येतो, पण ते घड्याळ लावायला बहुधा वय ठाऊक असलेला जीवाश्मच लागतो, हे भाच्याला जरूर ऐकवा. शिवाय अख्खं जंगल एकदम आलेलं नाही, प्रत्येक जातीची तारीख वेगळी.

ओळख शिरांच्या जाळीवरून. पानावरचं मेणचट आवरण टिकलं असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी आणि रंध्रंही दिसतात. नुसत्या ठशावरून दिलेली जुनी नावं म्हणूनच पुन्हा तपासावी लागतात.

समुद्र ओलांडण्याबद्दल डार्विनचा प्रयोग सांगा: ८७ जातींपैकी ६४ जातींच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजल्या. तमालाची फळं मात्र कबुतरं गिळतात, तिथे पक्ष्यांचाच संशय जास्त.

गुजरातचं म्हणाल तर सुरत जिल्ह्यातली वस्तानची लिग्नाइटची, म्हणजे तपकिरी कोळशाची खाण. तिथला अंबर पान नव्हे, राळ आहे. सालवृक्षाच्या कुळातली, ५ कोटी वर्षांपूर्वीची. भारत तोवर बेटासारखा एकटा सरकत आला होता, तरी त्या राळेतल्या किड्यांचे नातेवाईक इतर खंडांत सापडतात!

धागाकर्ती
वस्तान नक्की घेते. ते "वाचलं" वाक्य खोडलं. मदेरातल्या कबुतराचा मोफत वापरता येईल असा फोटो कुणाकडे आहे का?