मदत हवी आहे: बदकाची अंडी उबवताना नक्की कुठलं तापमान खरं धरायचं?

नमस्कार. घरी केलेल्या इन्क्युबेटरमध्ये बदकाची अंडी ठेवली आहेत, दुसरा आठवडा चालू आहे. टॉर्च लावून पाहिलं तर बहुतेक अंड्यांत लाल शिरांचं जाळं स्पष्ट दिसतंय. ते पाहिल्यापासून जीव टांगणीला लागलाय. आता आत काहीतरी वाढतंय, आणि ते माझ्या हातात आहे.

थर्माकोलचा खोका, बल्ब आणि डिजिटल थर्मोस्टॅट, एवढंच सामान आहे. पंखा नाही. थर्मोस्टॅट 37.5 अंशांवर लावलाय, त्याचा सेन्सर अंड्यांच्या साधारण मध्यावर आहे. पण तळाच्या जाळीवरचा थर्मामीटर 36.5 दाखवतो आणि अंड्यांच्या माथ्याजवळचा 38.4. यातला कोणता खरा मानू? शिवाय दुपारी खोली तापली की वरचा आकडा 39.5 पर्यंत जातो. ते किती धोक्याचं? वीज गेली तर काय करायचं? आणि रात्रभर बल्ब चालू ठेवून झोपणं सुरक्षित आहे का? कृपया स्वतः बदकं काढलेल्यांनी सांगावं. कोंबडीच्या अंड्यांची माहिती भरपूर मिळते, बदकांची फारशी नाही.

प्रतिसाद

तिन्ही आकडे खरे आहेत, काळजी करू नका. पंखा नसला की गरम हवा वर साठते आणि तळ थंड राहतो. म्हणून बिनपंख्याच्या खोक्यात मोजायचं ते अंड्याच्या माथ्याच्या पातळीवर, आणि तिथे 38.3 ते 38.6 अंश हवेत. तुमचं बरोबर तेवढंच आहे. 37.5 हा सगळीकडे सांगितला जाणारा आकडा पंखा असलेल्या इन्क्युबेटरचा, जिथे हवा सगळीकडे सारखी असते. बदकाचं अंडं कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठं, त्यामुळे त्याचा माथा उंच येतो. कोंबडीच्या अंड्यांसाठी लावलेला थर्मामीटर तसाच ठेवला तर चुकीची पातळी मोजली जाते.

थर्मामीटर मात्र एकदा तपासा. ताप मोजायचा चांगला थर्मामीटर आणि हा, दोन्हींची टोकं शेजारी शेजारी कोमट पाण्यात बुडवा. 37-38 च्या आसपास फरक किती येतो ते लिहून ठेवा. अर्ध्या अंशाचा फरकही 28 दिवसांत पिल्लं लवकर-उशिरा निघण्याला पुरतो.

दुपारच्या 39.5 कडे मात्र गांभीर्याने बघा. थोडा वेळ तेवढं झालं तर निभावतं, कारण हवा तापते तितक्या लवकर अंडं आतून तापत नाही. पण रोज तासन्‌तास नको. गर्भाला थंडीपेक्षा उष्णता फार लवकर मारते. 40 च्या पुढे तर अजिबात जाऊ देऊ नका. खोकाच खोलीतल्या सर्वांत थंड कोपऱ्यात हलवा, ऊन येणाऱ्या भिंतीपासून लांब. शेवटच्या आठवड्यात गर्भ स्वतःच बरीच उष्णता सोडतात, तेव्हा तर हे आणखी जपावं लागेल.

प्रतिसाद

वीज गेली तर झाकण उघडू नका, वरून जाड पांघरूण घाला. मात्र बल्बचं बटण आधी बंद करा, नाहीतर वीज आली की पांघरुणाखाली बल्ब तापत राहील. एक-दोन तासांनी काही बिघडत नाही, फार तर पिल्लं उशिरा निघतील. शेवटच्या दिवसांत मात्र हवेची भोकं झाकू नका, पिल्लांना श्वास लागतो. आत पाण्याने भरलेल्या एक-दोन बंद बाटल्या ठेवल्यात तर त्या ऊब धरून ठेवतात आणि आकडाही कमी हलतो.

खुडूक बदक रोज उठून पाण्यात जाऊन ओल्या पिसांनी परत बसते, म्हणून बरेच जण दुसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ झाकण काढून कोमट पाणी फवारतात. माझ्या मते साध्या बदकांना त्याची सक्ती नाही. करायचंच तर 25 व्या दिवशी अंडी फिरवणं थांबवाल तेव्हा हेही थांबवा. मस्कोव्ही जातीची बदकं असतील तर हिशोब वेगळा, त्यांना सुमारे 35 दिवस लागतात.

प्रतिसाद

रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थर्माकोल वितळतो आणि पेटतोही. बल्ब आणि थर्माकोल यांत चांगलं अंतर हवं, बल्बभोवती धातूची जाळी हवी, होल्डर पक्का बसवलेला हवा. पाण्याची वाटी बल्बच्या खाली किंवा वायरजवळ नको. एका मोठ्या बल्बऐवजी दोन लहान लावा: एक उडाला तरी दुसरा थोडीफार ऊब देतो. थर्मोस्टॅटचा रिले (बल्ब चालू-बंद करणारा आतला स्विच) चिकटला तर बल्ब बंदच होणार नाही, म्हणून दुसरा थर्मोस्टॅट त्याच वायरवर थोड्या वरच्या आकड्यावर लावा. पहिला फसला की दुसरा वीज तोडेल. हे होईपर्यंत खोका पडदे-गाद्यांपासून दूर ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. थर्मामीटर तपासला, वरचा 0.2 अंश जास्त दाखवतोय, म्हणजे माथ्याला खरे 38.2 आहेत. थर्मोस्टॅट किंचित वाढवलाय आणि खोका आतल्या खोलीत नेलाय. बल्बला जाळी आज बसवतेय. आता मध्येच पंखा बसवावा का?

प्रतिसाद

या खेपेला नको. पंखा लावला की तळापासून माथ्यापर्यंत तापमान एकच होतं, सगळा हिशोब पुन्हा 37.5 वर आणावा लागतो, ओलावाही बदलतो. ही पिल्लं निघू द्या. पुढच्या वेळी आधी रिकामा खोका पंख्यासकट एक दिवस चालवून बघा, मगच अंडी ठेवा.