सॉल्व्हरवरचा सराव खऱ्या टेबलावर कितपत उपयोगी पडतो?

प्रश्न: चार महिने मी रोज तासभर पायोसॉल्व्हरवर (पोकरचे डाव सोडवून दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीवर, म्हणजे सॉल्व्हरवर) सराव करत आहे. पुढच्या महिन्यात पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोत, प्रथमच खऱ्या पैशांनी पोकर खेळणार आहे. एवढी तयारी पुरेशी आहे का?

उत्तर १: पायोसॉल्व्हर दोघांमधलाच डाव सोडवतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातातल्या संभाव्य पत्त्यांची जी यादी आपण त्याला देतो, तिच्यावरच त्याचे उत्तर अवलंबून असते, टेबलावर मात्र अनेकदा चौघे-पाचजण फ्लॉप (टेबलावर उघडलेले पहिले तीन सामाईक पत्ते) पाहतात, तेव्हा पाठ केलेली उत्तरे कामी येत नाहीत. त्यापेक्षा हिशेब पक्का करावा. पॉटमध्ये (डावात जमलेल्या रकमेत) १००० रुपये असताना समोरच्याने ५०० लावले, तर कॉलसाठी (तेवढेच पैसे लावून डावात राहण्यासाठी) जिंकण्याची २५ टक्के शक्यता हवी. टर्ननंतर (चौथा सामाईक पत्ता उघडल्यावर) फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) पुरा करणारे नऊ पत्ते शिल्लक असले, तरी ती २० टक्क्यांच्या आतच राहते.

उत्तर २: सॉल्व्हरमध्ये रेक (कॅसिनो पॉटमधून कापून घेतो तो वाटा) अवश्य भरावा, नाहीतर निसटते कॉलही फायद्याचे भासतात. पहिल्या रात्री, हिशेब नीट येत असूनही, चिप्स पुढे सरकवताना माझी बोटे थरथरत होती.

प्रश्नकर्ता: आधी ऑनलाइन थोड्या पैशांत खेळून पाहू का?

उत्तर १: नको. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. मित्रांसोबत बिनपैशाचे डाव मांडून प्रत्येक निर्णय वहीत लिहून ठेवावा.