शब्दचर्चा : बंदुकीचा घोडा, चाप आणि खटका

विचारणा : ली-एनफिल्ड या जुन्या लष्करी रायफलीच्या देखभालीवरचे एक इंग्रजी टिपण मराठीत आणत आहे. ट्रिगरला कोणी घोडा म्हणतात, कोणी चाप, कोणी खटका. फायरिंग पिनसाठी तर रूढ शब्दच सापडत नाही. ‘सरप्लस रायफल’ला ‘अतिरिक्त रायफल’ म्हटलेले चालेल का? जाणकारांनी खुलासा करावा.

प्रतिसाद : बोटाने ओढायचा तो चाप, आणि चाप ओढल्यावर पुढे आपटतो तो घोडा, हा भेद ठासणीच्या बंदुकीच्या काळापासून उपयोगी पडत आला आहे. हिंदीच्या संगतीने आपल्या वर्तमानपत्रांत ‘घोडा दाबला’ असे सर्रास छापले जाते, आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत तर घोडा म्हणजे अख्खे पिस्तूल. बातमीत त्याने काही बिघडत नाही. दुरुस्तीच्या टिपणात मात्र बिघडते, कारण ‘घोडा स्वच्छ करावा’ एवढे वाचून वाचक चापाला तेल देईल आणि दोष बोल्टच्या, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, पोटात तसाच राहील.

ली-एनफिल्डला दुनळीसारखा उघडा घोडा नसतो. बोल्टच्या मागच्या टोकाला दिसणारा तुकडा म्हणजे कॉकिंग पीस; त्यात फायरिंग पिन आट्यांनी बसवलेली असते आणि पिनेभोवती मुख्य स्प्रिंग असते. बोल्ट पुढे ढकलताना कॉकिंग पीस सिअरवर, म्हणजे त्याला रोखून धरणाऱ्या अडणीवर, अडतो, स्प्रिंग दबते, आणि चाप ओढला की सिअर बाजूला सरकून पिन काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या त्याच्या बुडातल्या भागावर, आदळते. सिअरला ‘खटका’ म्हणावे, म्हणजे त्या शब्दाला स्वतःचे काम मिळेल. फायरिंग पिनला ‘आघातशलाका’ वगैरे घडवण्याच्या भानगडीत पडू नये. बंदूक दुरुस्त करणारा ‘पिन’च म्हणतो.

‘अतिरिक्त’ नको, कारण त्याने गरजेपेक्षा एक जास्त असा अर्थ होतो. ‘निर्लेखित’ हा सरकारी दप्तरातला शब्द वस्तू हिशेबातून वगळल्याचे सांगतो, तर ‘मोडीत काढलेली’ म्हटले की भंगार डोळ्यांपुढे येते. ‘लष्कराने विक्रीस काढलेली रायफल’ हे लांबलचक असले तरी बिनचूक आहे.

उपप्रश्न : आभारी आहे. मूळ टिपणात ‘लाइट स्ट्राइक’ असा दोष सांगितला आहे. त्याला ‘फुसका बार’ म्हणावे का?

प्रतिसाद : म्हणू नये. फुसक्या बारात काडतूस पेटते, पण जोर नसतो. आवाज दबका येतो आणि गोळी नळीत अडकून राहू शकते, म्हणून नळी तपासल्याशिवाय पुढचा बार काढणे घातक ठरते. तुमच्या टिपणातला दोष वेगळा आहे : पिन टोपीवर पडते, पण हलकी पडते, आणि बार उडतच नाही. त्यासाठी ‘ठोका हलका पडणे’ हे सरळ मराठी पुरेसे आहे. न उडालेल्या काडतुसाची टोपी पाहिली तर एरवीच्या खोल, गोल खड्ड्याऐवजी तिथे उथळसा ठसा दिसतो.

वर्षानुवर्षे कोठारात पडून राहिलेल्या रायफलीत याचे नेहमीचे कारण म्हणजे साठवणुकीचे ग्रीस, जे बोल्टच्या आत घट्ट होऊन पिनेची धाव मंदावते. ते विद्रावकाने पूर्ण काढून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, कारण जास्त तेल थंडीत पुन्हा तेच करते. ग्रीस काढूनही ठोका हलकाच पडला तर स्प्रिंग थकली असेल, किंवा पिनेचे टोक पुरेसे बाहेर येत नसेल. मोसिन-नागां या जुन्या रशियन लष्करी रायफलीसोबत मिळणाऱ्या हत्यारावर यासाठी ७५ आणि ९५ अशा दोन खाचा असतात, टोक ०.०७५ ते ०.०९५ इंच बाहेर यावे, असा त्यांचा अर्थ. हे माप ली-एनफिल्डला लावू नये, आणि तिची पिन विशेष हत्यार लावून फिरवावी लागते, म्हणून ते काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे.

अनुवादात आणखी एक वाक्य काळजीने घ्या. बार न उडाल्यास बोल्ट ‘लगेच’ उघडायचा नसतो. काडतूस उशिराही पेटू शकते, म्हणून नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे, असे स्पष्ट लिहा. ‘थोडे थांबावे’ एवढ्यावर भागवू नका.