चिन्ह बदलण्यामागचे कारण

'समीकरण सोडवताना पद (म्हणजे त्यातली एखादी संख्या किंवा क्ष असलेला भाग) दुसऱ्या बाजूला नेले की चिन्ह बदलते, एवढे मुलांना पाठ असले की पुरे,' असे काही जण म्हणतात; हे मत मला पटत नाही. कोथरूडमधील आमच्या शेजारची सातवीतली मुलगी माझ्याकडे गणिताला बसते; तिने ३क्ष + ४ = १९ वरून ३क्ष = १५ अचूक काढले आणि पुढे क्ष = १५ − ३ = १२ असे लिहिले, कारण तिच्या लेखी ३ पलीकडे गेले म्हणजे चिन्ह बदलणारच. तेव्हा मी वहीत मंडईतला तराजू काढला: एका पारड्यात बटाट्यांच्या तीन सारख्या पिशव्या आणि दुसऱ्यात १५ किलोंची वजने. दोन्ही बाजूंचे तीन सारखे वाटे करायचे, हे तिनेच ओळखून क्ष = ५ लिहिले. उत्तर मूळ समीकरणात घालून पाहण्याची सवय मात्र पहिल्याच दिवशी लावावी, कारण १२ घातल्यावर डावी बाजू १९ ऐवजी ४० येते आणि चूक कोणी न सांगता दिसते.