मदत हवी आहे : यशवंतराव चव्हाणांचा १९७७ ते १९८४ हा काळ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात यशवंतरावांवर अर्धा तास बोलायचंय. देवराष्ट्रे, बेचाळीसची चळवळ, १ मे १९६० हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९६२ मध्ये चीन युद्धानंतर नेहरूंनी संरक्षण खातं दिलं आणि 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला', हे तर दरवर्षी १२ मार्चला, त्यांच्या जयंतीला, ऐकतोच. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र. तिथवर माझी गाडी सुरळीत चालते.

अडतं ते पुढे. १९७७ ला ते लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. जुलै १९७९ मध्ये मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव त्यांनीच आणला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस चरणसिंगांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान! ते सरकार लोकसभेला सामोरं न जाताच पडलं. काँग्रेस फुटल्यावर ते इंदिराजींपासून वेगळे झाले होते; नंतर त्यांच्याकडेच परत, मग आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद. पट्टीचा राजकारणी इतका कसा गोंधळला? का त्यांचं काही गणित होतं? 'कुंपणावरचे' हा शेरा मला तरी फार स्वस्त वाटतो.

तर दोन गोष्टी हव्यात. त्या ठरावावरचं त्यांचं भाषण मराठीत कुठे छापलंय का? आणि साताऱ्या-कराडकडच्या कुणाच्या घरी १९८० च्या निवडणुकीतली पत्रकं किंवा वर्तमानपत्रांची कात्रणं असतील, तर फोटो पाठवाल का? गौरवग्रंथ नकोत, ते आमच्या कपाटात भरपूर आहेत.