कॉर्डलेस माइकला लायसन लागतं का? नवीन सेट घ्यायचाय

तासगावकर_साउंड:
नमस्कार मंडळी. तासगावला आमचं मंडप आणि साउंडचं काम आहे, जत्रा, कीर्तन सप्ताह, लग्नं, शाळांची गॅदरिंग सगळं करतो. दोन हँडहेल्ड आणि दोन कॉलर असा सेट घ्यायचाय. दुकानदार म्हणतो ७४० ते ७९० मेगाहर्ट्झचा घ्या, स्वस्त पडतो. पाहुणे इंग्लंडला असतात, ते म्हणतात मी ८६३ ते ८६५ चा आणतो, इकडं त्याला लायसन लागत नाही. आणि परवा एकजण म्हणाला वायरलेस माइकला दिल्लीचं लायसन पाहिजे. स्पीकरची पोलीस परवानगी आम्ही दरवेळी काढतोच, त्यात हे बसत नाही का? पैसे घालायच्या आधी कळलं पाहिजे.

विट्याचा_डीजे:
लायसन बियसन काय नाय लागत भावा, एवढी वर्षं वाजवतोय, कुणी विचारलं नाय. बिनधास्त घे.

रेडिओवाला_कराड:
कुणी विचारलं नाही म्हणजे नियम नाही असं नसतं दादा. मी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारा, आमचं लायसन पण डब्ल्यूपीसीकडूनच (केंद्र सरकारचं फ्रिक्वेन्सी बघणारं खातं) येतं म्हणून सांगतो.

पोलीस परवानगी आवाजाची असते, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची, रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी वगैरे. माइक कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते बघणं दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीचं काम. आधी १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, पण मुद्दा तोच, ट्रान्समीटर चालवायचा तर परवाना पाहिजे, फक्त काही बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, सरकारनं मोकळे ठेवलेत. माइकच्या कामाचे म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. तिथं तुम्हाला लायसन नको, पण त्या मॉडेलला ईटीए म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल पाहिजे. ते माल आणणाऱ्या नाहीतर बनवणाऱ्या कंपनीनं सरल संचार पोर्टलवर काढायचं असतं. तुम्ही सर्टिफिकेट मागा आणि मॉडेल नंबर न् फ्रिक्वेन्सी नीट जुळवून बघा.

पाहुण्यांना नको म्हणून सांगा. ८६३ ते ८६५ तिकडं मोकळा, आपल्याकडं मोकळं ८६५ ला सुरू होतं, बांधाला बांध लागतो फक्त.

आणि ७४० ते ७९० तर घेऊच नका, हात जोडून सांगतो. ७०३ ते ७४८ मध्ये मोबाइल बोलतात, ७५८ ते ८०३ मध्ये टॉवर. ह्या ७०० च्या बँडातला काही भाग २०२२ च्या लिलावात विकला गेलाय. जवळ टॉवर असला की माइक खरखरणार ते वेगळंच, वर तुमच्या माइकमुळं दुसऱ्याच्या फोनला त्रास. अमेरिकेनं त्यांच्याकडं ७०० च्या बँडात वायरलेस माइक १२ जून २०१० पासूनच बंद केलेत.

नाट्यवेडा_सांगली:
वरचं सगळं बरोबर, थोडं कामाचं सांगतो. मोकळा बँड म्हणजे कुणाचाच नाही, दुसऱ्यानं डिस्टर्ब केलं तर तक्रार चालत नाही, आणि आपण दुसऱ्याला करायचं नाही. २.४ वर वायफाय, ब्लूटूथ सगळं असतं, त्यामुळं रिकाम्या हॉलमध्ये टेस्टिंग झकास होतं आणि पब्लिक भरलं की माइक गॅप मारायला लागतो. रिसीव्हर मागं मिक्सरजवळ ठेवू नका, स्टेजच्या बाजूला, माणसांच्या डोक्यापेक्षा उंच, ट्रान्समीटर समोर दिसेल असा ठेवा, माणसाचं अंग २.४ चा सिग्नल लई खातं. कीर्तनाला बुवा सारखे फिरतात, कॉलर माइकचा पॅक (ट्रान्समीटर) कमरेला उपरण्याखाली, तिथं मी ८६५ वालाच देतो. फक्त जागा ३ मेगाहर्ट्झचीच, जास्त माइक एकत्र बसत नाहीत, तुमच्या चारच्या वर गेलात तर बाकीचे २.४ वर घ्या. आणि प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाला स्टँडवर वायरचा माइक जोडलेला ठेवाच.

तासगावकर_साउंड:
लई उपकार झाले दोघांचे. दुकानदाराला फोन केला, ईटीए विचारलं तर म्हणतो सीई आणि एफसीसी दोन्ही शिक्के आहेत, शिवाय बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) नंबर पण आहे, अजून काय पाहिजे. चालेल का एवढ्यावर?

रेडिओवाला_कराड:
नाही चालणार. सीई युरोपचं, एफसीसी अमेरिकेचं. बीआयएस पाहिजेच, वायरलेस माइक त्यांच्या सक्तीच्या यादीत आहे, पण ते सेफ्टीचं झालं, फ्रिक्वेन्सीचं नाही. ईटीएच्या सर्टिफिकेटची कॉपी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा.